फौजी गावात एकटा पडू नये म्हणून: माजी सैनिकांच्या आत्महत्या रोखायला गावानं काय करायचं

आधी तातडीचं सांगते. तुमच्या स्वतःच्या मनात आत्ता जीव संपवायचे विचार येत असतील, किंवा घरात कुणाची तशी लक्षणं दिसत असतील, तर पुढचं वाचत बसू नका. १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत. भाषा विचारतात तेव्हा मराठी सांगा. जिवाला लगेच धोका असेल तर ११२ किंवा १०८. आणि शेजाऱ्याला उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

बेळगाव, खानापूर, निपाणी या आमच्या पट्ट्यात फौजी नसलेली गल्ली शोधून सापडत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे आणि तेव्हापासून इथली पोरं पहाटे धावायला लागतात ती भरतीसाठीच. माझे वडील आणि चुलते फौजेतले. भरती झालेल्या पोराची मिरवणूक निघते, पेन्शनला आलेल्याला हार पडतो. त्यानंतर त्याचं काय होतं, याची विचारपूस करायची काही रीत मात्र आपल्या गावांत नाही. ती कशी घालायची, ते पुढे लिहिलं आहे.

फौजीला नेमकं काय होतं

शिपाई पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून बहुधा चाळिशीच्या आत घरी येतो. घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. बायकोनं पोरं वाढवलेली असतात, भावानं शेत केलेलं असतं, आणि पोरांना बाप म्हणजे सुट्टीला येणारा माणूस. गावाला वाटतं, पेन्शन चालू आहे, कॅन्टीन आहे, याला कसलं आलंय दुःख. त्याचं मात्र सगळंच एकदम सुटलेलं असतं. जिवाला जीव देणारी माणसं पाच राज्यांत पांगतात, दिवसाचा रोलकॉल राहत नाही, नावामागचं पद फक्त पत्रिकेवर छापायला उरतं. त्यात गुडघे, पाठ, कानात सतत शिट्टी, सियाचीन किंवा काश्मीरमध्ये बघितलेलं काहीबाही रात्री डोळ्यांपुढं. झोप लागावी म्हणून रम. रममुळे भांडण. मग एक दिवस मनात घट्ट बसतं की आपण या घरावर ओझं झालो.

शिवाय त्रास झाला तरी तक्रार करायची नाही, हेच त्याला शिकवलेलं असतं. मरणाची भीतीही नोकरीत पुष्कळ मोडलेली असते. म्हणून ‘त्याला वाटलं तर तो सांगेल’ अशी वाट बघून चालत नाही. आपणच जायचं.

आणखी एक गोष्ट आत्ताच ध्यानात घ्यायला हवी. २०२२ च्या अग्निपथ योजनेतले पहिले अग्निवीर चार वर्षं भरून २०२६ च्या अखेरीपासून गावी येऊ लागतील. त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील. बाकीच्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. बाविशी-पंचविशीतला पोरगा, ज्याची मिरवणूक गावानंच काढली होती, तो कुठल्याच सरकारी यादीत नसेल. तुमच्या यादीत तो असलाच पाहिजे.

माणसं गोळा करा, पण थोडीच

पाच-सहा जणांची टोळी पुरे. मोठी समिती केली की फलक लागतो, शाल-श्रीफळ होतं आणि काम राहून जातं. कोण हवेत ते नीट निवडा. ज्याचा शब्द फौजी ऐकतात असा एक निवृत्त सुभेदार किंवा नायब सुभेदार. नुकताच पेन्शनला आलेला एक तरुण शिपाई किंवा नाईक. फौजीची बायको किंवा वीरपत्नी, कारण घरातली खरी बातमी बायकांकडूनच कळते. गावची आशाताई. कन्नड वाचता-लिहिता येणारा आणि कचेऱ्यांची सवय असलेला एक जण. आणि जिथं लोक रोज टेकतात तिथला कुणी तरी: सोसायटीचा सेक्रेटरी, औषध दुकानदार, तालमीतला वस्ताद.

हुद्द्याचं भान ठेवा. हवालदार सुभेदारासमोर ‘जी साहब’ म्हणून मोकळा होतो आणि पोटातलं पोटातच ठेवतो. बोलायला पाठवताना बरोबरीचा माणूस पाठवा, शक्यतो त्याच पलटणीतला. गावात फौजी संघटनेचे दोन गट असतील तर दोन्हींकडचा एकेक घ्या. राजकारणातल्या माणसाला मदत मागा, यादी देऊ नका.

वही

नाव साधं ठेवा, ‘फौजी विचारपूस’. आत्महत्या हा शब्द वहीवर लिहिलात तर कुणी दारात उभं करणार नाही. वहीत काय लिहायचं? नाव, पलटण, कधी पेन्शनला आला, घरात कोण कोण, बायकोचा किंवा मुलाचा नंबर, आणि पलटणीतला सगळ्यात जवळचा दोस्त कोण व त्याचा नंबर. हा शेवटचा रकाना लाख मोलाचा आहे. तो दोस्त साताऱ्यात असो नाहीतर चंदगडला, अडचणीच्या रात्री त्याचा एक फोन आपल्या दहा भेटींना भारी पडतो. ईसीएचएस कार्ड आहे का आणि परवान्याची बंदूक आहे का, हेही नोंदवा.

आजाराबद्दल वहीत काही लिहू नका. वही एकाच्याच ताब्यात. तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर गेला तर ते काम त्या दिवशी संपलं असं समजा.

कुणाकडे आधी जायचं? आधी जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस, सगळ्यांच्या आधी. मग नुकताच दवाखान्यातून सुटलेला. पेन्शनला येऊन वर्ष न झालेला. बायको वारलेला किंवा बायको घर सोडून गेलेला. जमिनीची केस, पतपेढीचं कर्ज किंवा दामदुपटीत फंडाचे पैसे बुडालेला. डीएससीची (लष्करी ठाण्यांवर पहारा देणारं दल) किंवा बँक गार्डची नोकरी सुटलेला. न थांबणारं दुखणं असलेला. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या असतील तर त्याच्याकडे या आठवड्यातच जायचं.

काय दिसलं की सावध व्हायचं

फौजी मुळातच टापटीप. कागद फायलीत, बूट रांगेत. म्हणून कागद नीट लावले एवढ्यानं काही ठरत नाही. नेहमीच्या वागण्यात पडलेला फरक बघा. कधी न बोलणारा माणूस एकाएकी बायकोला पीपीओ (पेन्शनचा आदेश) कुठं आहे, खात्यावर वारस कोण आहे, हे समजावून सांगू लागला. मेडल पुतण्याला देऊन टाकली. रोज पहाटे फिरायला जाणारा महिनाभर अंथरुणातून उठत नाही. दाढी वाढली, ही फौजीच्या बाबतीत लहान गोष्ट नव्हे. ‘माझ्यामागं तुमचं बरं चालेल’, ‘आता बस झालं’ अशी वाक्यं. पिणं वाढलं, किंवा कारण नसताना जुन्या दोस्तांना एकामागोमाग फोन करून माफी मागणं.

आणि बरेच दिवस घुसमटलेला माणूस एकदम शांत, मोकळा दिसू लागला तर ‘सुधारला’ म्हणून निर्धास्त होऊ नका. कधी कधी मनाशी काही ठरल्यामुळं तसं होतं. त्याच दिवशी जाऊन भेटा.

विचारायचं कसं

लोकांना सगळ्यात जास्त भीती इथं वाटते: विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. तसं होत नाही. जगभर यावर अभ्यास झाले आहेत आणि थेट विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट माणूस सुटकेचा श्वास टाकतो, असंच दिसलं आहे.

वेळ सकाळची किंवा दुपारची, प्यायलेला नसताना. चार माणसांत नको, घरातल्यांसमोर नको. समोरासमोर बसण्यापेक्षा शेताच्या बांधावरून चालताना फौजी जास्त बोलतो. एकाच वयाचे, एकाच पलटणीतले दोन नाईक असे बोलतील:

“झोप लागते काय रे?”

“लागते की. दोनला उठतो, मग नाही.”

“मग काय करतोस उठून?”

“बसतो पडवीत.”

“बसून काय येतं मनात?”

बराच वेळ काही नाही. मग, “काय येणार. कंटाळा आलाय बघ.”

“जीव द्यावा असं येतं काय मनात? खरं सांग. मी कुठं बोलून दाखवत नाही बसणार.”

“...येतं कधी कधी.”

“कसं करायचं, कधी करायचं, ते पण ठरवलंयस?”

हा शेवटचा प्रश्न गिळू नका. नुसता विचार येणं आणि पद्धत, वेळ ठरवून साधन जवळ असणं, यांत फार अंतर आहे. दुसरं असेल तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही.

वरच्या बोलण्यात मित्रानं एकदाही उपदेश केलेला नाही, हे पाहा. ‘फौजी असून असं बोलतोस?’ हे वाक्य तर तोंडातून निघताच कामा नये. ज्या गोष्टीची त्याला लाज वाटते तिच्यावरच ते बोट ठेवतं. ‘पोराबाळांचा विचार कर’ हेही टाळा, तो विचार करून करूनच तो ओझं झाल्याच्या निष्कर्षाला आलेला असतो. ‘कुणाला सांगू नको’ अशी शपथ घालू लागला तर घेऊ नका. सरळ सांगा: “गावात सांगणार नाही. पण तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर डॉक्टरला आणि वैनीला सांगणार.”

ती रात्र

माणूस ‘हो’ म्हणाला की पुढचे काही तास महत्त्वाचे. मरायची तीव्र ऊर्मी पुष्कळदा काही तासांत, कधी त्याहूनही लवकर ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी साधन नसलं तर जीव वाचतो. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण १९९५ च्या सुमारास होतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली आलं. उसाच्या, भाजीच्या फडातलं औषध ज्यांच्या माडीवर पडून असतं त्या आपल्या गावांना हे लागू आहे. फवारणीचं औषध त्या घरातून हलवा. शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा, लागेल तेवढंच त्या दिवशी आणा. गोळ्यांची पाकिटं दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

बंदूक असेल तर ती घरात राहता कामा नये. गार्डच्या नोकरीसाठी बऱ्याच माजी सैनिकांकडे परवान्याची बारा बोअर असते. निवडणुकीत हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची सवय त्यांना आहेच. तसंच आता ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे रीतसर पावती घेऊन जमा करायचं. हे बायकोवर टाकू नका. तिनं मागितली तर भांडण होईल. दोस्तानं सांगावं: “तुझ्यावर माझा भरवसा आहे, पण रात्रीच्या दोनच्या त्या वेळेवर नाही. महिनाभर माझ्या मनासाठी ठेवूया ठाण्यात.” फौजीला हत्याराची शिस्त कळते, शांतपणे मांडलं तर बहुतेक जण ऐकतात.

दारू त्या घरातून बाहेर. कॅन्टीनचा कोटा काही महिने न उचलण्याबद्दल बोला. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, बरळणं सुरू होतं आणि जिवावर बेततं. त्याची दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीतच.

त्या रात्री दोस्तानं तिथंच झोपायचं. पाळी लावा. गार्ड ड्युटी कुणाला शिकवावी लागत नाही.

दवाखाना

ईसीएचएस कार्ड असेल तर बेळगावच्या पॉलिक्लिनिकमध्ये दाखवून मानसोपचारासाठी रेफरल घ्या. मनाच्या आजारावरचे उपचार या योजनेत बसतात. तातडीच्या वेळी रेफरलची वाट बघू नका, जो दवाखाना जवळ असेल तिथं न्या आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. कार्ड नसेल, किंवा अग्निवीर असेल, तर बेळगावचा सरकारी जिल्हा दवाखाना म्हणजे बिम्स. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचा ठरावीक वार असतो, आशाताई विचारून सांगेल. आजार जड असेल तर धारवाडची डिमहान्स ही या भागातली मनाच्या आजारांची मोठी सरकारी संस्था. सकाळच्या बसनं निघून संध्याकाळी परत येता येतं.

आपल्याकडची भाषेची अडचण खरी आहे. केसपेपर, फलक, अर्ज कन्नडमध्ये. खेड्यातला मराठी माणूस खिडकीवरच हिरमुसतो आणि परत फिरतो. म्हणून टोळीतला कन्नड जाणणारा सोबत जाऊ दे, पण खिडकीपुरता. डॉक्टरच्या खोलीत फौजीला एकट्याला बोलू द्या. मराठी समजणारा डॉक्टर नसेल तर हिंदीत बोलता येईल. पलटणीत आयुष्य हिंदीत गेलेलं असतं, काही जण तर मनातलं हिंदीतच मोकळं सांगतात.

घरच्यांच्या मनात तीन भीती असतात. पहिली पोलीस केसची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं ठरवलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. दवाखाना पोलिसांना कळवेल, जबाब होईल, पण त्यापायी उपचार लांबवू नका. दुसरी भीती पेन्शनची. मनाच्या आजारावर औषध घेतलं म्हणून पेन्शन थांबत नाही. तिसरी गार्डच्या नोकरीची, आणि तिथं खोटा दिलासा देऊ नये. बंदुकीची ड्युटी काही काळ सोडावी लागेल. तोवर बिनहत्यारी काम शोधून देणं, उद्यमबागच्या एखाद्या कारखान्यात किंवा शाळेत, हे टोळीचं काम.

नैराश्याच्या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे घरी नीट समजावून सांगा. आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद करणारे बरेच, आणि बरं वाटलं म्हणून महिन्यात बंद करणारेही बरेच. दोन्ही डॉक्टरला विचारूनच.

खिशातला कागद

एका पानावर त्याच्या स्वतःच्या हातानं लिहून घ्या. वाईट वेळ सुरू होतेय हे मला कशावरून कळतं. तेव्हा मी एकट्यानं काय करतो: अंघोळ, गोठ्यात जाणं, हरिपाठ. मन दुसरीकडे वळायला कुठं जातो: तालीम, भजनी मंडळ, चौकातला कट्टा. कुणाला फोन करतो, तीन नंबर. कुठल्या डॉक्टरकडे जातो, आणि १४४१६. घरात काय ठेवायचं नाही. शेवटी, कशासाठी जगायचं, त्याच्या शब्दांत.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत तातडीनं आलेल्या रुग्णांकडून असा कागद लिहून घेतला आणि घरी गेल्यावर त्यांना फोन करत राहिले. पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येकडे जाणारं वागणं सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळलं, असा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. कागद आणि फोन, दोन्ही मिळून. फौजीला लेखी ड्रिल आवडतं, त्यामुळं हा भाग वाटतो त्यापेक्षा सोपा जातो.

नंतरचे महिने

दवाखान्यातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना वाटतं की आता सुटलो. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी भेट, त्याच आठवड्यात फोन, मग आठवड्याला, मग पंधरवड्याला, वर्षभर. टोळीत वाटून घ्या आणि वहीत तारखेवर खूण करा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं केला असेल.

फोनवर दरवेळी ‘बरा आहेस ना?’ नको. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोटो या डॉक्टरांनी पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांना काही वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. तुमची आठवण आहे, वाटलं तर लिहा, एवढंच. मागणी काही नाही, सल्ला नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. गावच्या भाषेत सांगायचं तर, “ऊस तोडायला लागलेत, तुझी आठवण आली” एवढा फोन पुरतो.

वैनीकडे बघायला विसरू नका. महिनोन्महिने ती रात्रीची जागी असते, कुलपाच्या किल्ल्या तिच्याकडे, सासरचे बोल तिलाच. टोळीतल्या बाईनं तिच्याकडे स्वतंत्र जावं, तिच्या तब्येतीचं विचारावं, एखादा दिवस तिला माहेरी जाऊ द्यावं आणि तेवढी पाळी दुसऱ्यानं घ्यावी. नवरा हात उचलत असेल तर ‘आजारी आहे, सोस’ असं तिला कुणी सांगू नये. तिची आणि पोरांची सुरक्षितता आधी. गरज पडली तर ११२.

आणि पैसा. अर्धी घालमेल कागदांत अडकलेली असते. हयातीचा दाखला राहून गेला म्हणून पेन्शन थांबते आणि माणूस महिनाभर कुणाला बोलत नाही. नोव्हेंबरात एक दिवस मंदिरात किंवा शाळेत बसा, सगळ्यांचे हयातीचे दाखले, स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवरचे तपशील, वारसनोंदी तपासून द्या. नोंदींच्या चुकांसाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, आणि राज्याच्या सैनिक कल्याण व पुनर्वसन खात्याचं कार्यालयही. कर्ज थकलं असेल तर पतपेढीत त्याच्यासोबत कुणी तरी जा. एकट्यानं मान खाली घालून उभं राहण्यात आणि दोघांनी जाऊन हप्ते बांधून घेण्यात पुष्कळ फरक पडतो. याच दिवशी नव्यानं आलेल्यांची नावं वहीत येतात, आणि कुणाची दाढी वाढलीय तेही दिसतं.

इतकं करूनही एखादा गेला तर

असं होऊ शकतं. तेव्हा फोटो, चिठ्ठी, कसं झालं याचा तपशील ग्रुपवर फिरू देऊ नका. बायकोकडे बोट दाखवणाऱ्याला तिथल्या तिथं गप्प करा. त्याच्या पलटणीतल्या दोस्तांना आणि गावातल्या इतर फौजींना त्याच आठवड्यात भेटा, कारण एका मरणानंतर दुसऱ्या खचलेल्या माणसाला तोच रस्ता जवळचा वाटू लागतो. पेन्शनर फौजीच्या पत्नीला मिळणारं साधं कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यू कसा झाला यावर अडत नाही. ते कागद टोळीनं करून द्यावेत. टोळीतले लोकही हादरलेले असतात. त्यांनीही १४४१६ लावायला काही हरकत नाही, आणि वही महिनाभर दुसऱ्याकडे द्यावी.

सुरुवात करायला मुहूर्तच हवा असेल तर १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन आहे, ४ फेब्रुवारीचा मराठा दिन आहे. पहिल्या बैठकीत भाषण ठेवू नका. चहा ठेवा, वहीत नावं लिहा, नोव्हेंबरच्या बैठकीची जबाबदारी एकाला द्या आणि पहिल्या तीन घरांकडे कोण कधी जाणार ते ठरवूनच उठा.